माणूस गेल्यावर अभ्यासवाल्यांचा फोन आला तर

मंगल, माझी बायको, जाऊन सतरा दिवस झाले होते. पाहुणे पांगले होते. बिटको चौकात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो आणि फोन वाजला. पलीकडची बाई म्हणाली, तुमच्या पेशंटला मिळालेल्या सेवेबद्दल थोडे प्रश्न आहेत, एक ते पाचमध्ये सांगा. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. चौदा प्रश्न होते. मी चौदा वेळा पाच म्हणालो. चार मिनिटांत काम झालं, तिचंही आणि माझंही.

त्या चौदातले निदान तीन 'पाच' खोटे होते.

मी नाशिक रोडचा, प्रेसमधून निवृत्त. इथं प्रेस म्हटलं की कुठली ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, नोटांची. कागद तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. शाई जरा पसरली, नंबर तिरका पडला, की कागद बाजूला. असं काम केलेल्या माणसानं स्वतःच्या घरातला हिशेब मेथी निवडत पास करून टाकला, हे मला पुढं फार लागलं.

सात महिन्यांनी दुसरा फोन आला. ही मुलगी नर्सिंगमध्ये पुढचं शिकत होती. पहिलं वाक्य असं होतं, "काका, आत्ता बोलणं सोयीचं आहे का? नसेल तर मी परत करते." विषय तोच, शेवटच्या दिवसांत घरी येऊन पॅलिएटिव्हवाल्यांनी जी सेवा दिली तिच्याबद्दल घरच्यांना काय वाटतं. पण हिनं प्रश्न विचारले नाहीत. माहितीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, आठ दिवस विचार करा म्हणाली आणि खरंच आठ दिवस गप्प राहिली. त्यानंतरची मुलाखत दोन तास चालली. ती झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या आणि सिडकोतल्या मिळून तिघांनी मला विचारलंय, "काका, असा फोन आलाय, बोलू का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

आधी हे की ते का विचारतात

पॅलिएटिव्ह म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आलं त्यांना माहीत असतं. आजार आता हटणार नाही हे कळलेलं असतं, पण दुखणं, धाप, उलट्या, झोप, पाठीच्या जखमा आणि घरच्यांची घाबरगुंडी यांवर करण्यासारखं पुष्कळ उरतं, ते ही माणसं करतात. हे काम नीट होतंय की नाही हे पेशंटलाच विचारावं, हे सरळ आहे. पण शेवटच्या आठ-दहा दिवसांत पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्यानंतर विचारायला तो नसतोच. मग उरतो आपण.

ही काही आपल्याकडची नवी टूम नाही. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ अशी पाच वर्षं सरकारी आकडेवारी खात्यानं दरवर्षी मृत माणसांच्या नातेवाइकांना प्रश्नावली पाठवली. मृत्यूनंतर साधारण चार ते अकरा महिन्यांच्या आत ती त्यांच्या हातात पडायची. जपानमध्येही २००७ च्या सुमारापासून असे मोठे अभ्यास होत आलेत. चार महिन्यांचा आकडा ऐकून मला माझा सतराव्या दिवसाचा फोन आठवला.

नाशिकमध्ये असे फोन येण्याला आणखी एक कारण आहे. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, १९९८ पासून. राज्यातली बहुतेक मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजं त्याला जोडलेली, आणि पुढच्या पदवीला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे फोन करणारा कुणी मोठा साहेब नसतो. बहुधा पंचवीस-तिशीतली पोरगी किंवा पोरगा असतो, आपल्याइतकाच घाबरलेला.

फोनवर

पहिल्या फोनवर काहीही उत्तर देऊ नका, 'हो' पण नाही आणि 'नाही' पण नाही. नाव, कॉलेज किंवा संस्था, गाइड कोण, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, आणि माझा नंबर तुम्हाला कुणी दिला, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच पहिल्यांदा विचारावा असा आहे. मला सतराव्या दिवशी फोन करणाऱ्या बाईकडे नंबर कुठून गेला हे आजतागायत कळलेलं नाही. दुसरीनं विचारायच्या आधीच सांगितलं, तुमच्या घरी यायच्या त्या सिस्टरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, नंबर देऊ का म्हणून, तोच. खरंच विचारलं होतं, मी विसरलो होतो.

आधार, बँक, ओटीपी यांतलं काही मागितलं तर फोन ठेवून द्या. अभ्यासाला त्यातलं काही लागत नाही. घरात माणूस गेलेलं असताना डोकं ठिकाणावर नसतं हे लबाडांनाही माहीत असतं.

आणि 'नाही' म्हणायचं असेल तर कारण सांगायची गरज नाही. "नको ताई, जमणार नाही" एवढं बास. नाही म्हटल्यानं पुढं सासऱ्यांना किंवा भावाला त्याच दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अडवतील, अशी भीती सिडकोतल्या एकांना वाटत होती. तसं होता कामा नये, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट आहे. आपली देशातली वैद्यकीय संशोधनाची नीतिनियमांची पोथी म्हणजे तीच. मधेच उठून 'आता बस' म्हणायचाही हक्क त्यात आहे.

कागद

माहितीपत्रकाचं मराठी वाचून हसू येतं. "सदर संशोधनात सहभागी झाल्याने आपणांस कोणतीही जोखीम संभवत नाही." हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरातलं कुणी गेलेलं नसावं. मी तिला म्हणालो, ह्या वाक्याचा अर्थ मला घरच्या भाषेत सांग. ती थांबली, मग म्हणाली, "काका, बोलताना त्रास होऊ शकतो, आणि झाला तर आपण थांबू." मी म्हणालो, मग असंच लिही की. पुढच्या घरी तिनं बदललेला कागद नेला असं तिनंच नंतर सांगितलं. एथिक्स कमिटीत डॉक्टर-वकिलांबरोबर एक साधा, वैद्यकीय शिक्षण नसलेला माणूसही असावा असा नियमच आहे. असले कागद त्या माणसानं मोठ्यानं वाचून दाखवावेत, असं माझं मत.

सही करायच्या आधी चार गोष्टी बघा. कागद तुमच्या भाषेत आहे का. तुम्हाला सहीची एक प्रत मिळणार का. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी विचारली आहे का, कारण बोलायला तयार असणं आणि आवाज टेप करू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तक्रार करायची झाली तर कमिटीचा नंबर दिलाय का. दवाखान्याची मूळ फाइल कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

'नाव गुप्त ठेवू' या शब्दांवर फार विसंबू नका. नाव काढलं तरी "नाशिक रोडचे, प्रेसमधून निवृत्त, पत्नीला ओव्हरीचा कॅन्सर" एवढं छापलं तर जेल रोडवरचा पानवालाही सांगेल कोण ते. म्हणून सांगायचं, गाव, नोकरी, तारखा पुसट करा. आता मी स्वतःच हे सगळं इथं लिहितोय ते सोडा, ती माझी मर्जी.

मुलाखतीचे पैसे बहुधा मिळत नाहीत आणि माझ्या मते मिळूही नयेत, नाहीतर लोक पैशासाठी गोड बोलतील. पण जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. रोजंदारीवरच्या माणसानं ते जरूर मागावं. लाजू नये.

घरातलं कोण बोलणार

इथं मी चुकलो होतो. फोन माझ्या नावावर, फाइलवर नातेवाईक म्हणून सही माझी, तर बोलणार मीच असं मी धरून चाललो होतो. त्या मुलीनं फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "रात्री काकूंजवळ कोण झोपायचं?" मी म्हणालो, मी. "आणि अंग पुसणं, कपडे, संडास?"

ते वैशाली करायची, माझी सून. पोटात पाणी व्हायचं म्हणून दर दहा-बारा दिवसांनी टॅपिंग, म्हणजे सुई टोचून ते पाणी काढणं, करावं लागे, ते केल्यावर टोचलेल्या जागेतून पाणी झिरपायचं, तिथली पट्टी दिवसात तीनदा बदलायची ती. एनिमा तीच. एअर बेडचा पंप बंद पडला की रात्री दोनला उठून नळी तपासायची तीच. मुलगा अंबडच्या कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. दवाखान्यातले लोक बोलायचे माझ्याशी, आणि ऐकत उभी असायची ती, दाराच्या चौकटीत, हातात पाण्याचा तांब्या.

तर त्या मुलीनं दोन मुलाखती घेतल्या, वेगवेगळ्या. मला आधी ते पटलं नाही, खरं सांगतो. घरातलं घरातल्या दोघांनी दोन ठिकाणी सांगायचं म्हणजे काय? वैशालीची ठरली त्या दुपारी मी नातीला घेऊन मुक्तिधामला गेलो. दोन तासांनी परत आलो तर मुलगी गेली होती आणि वैशाली ओट्यापाशी उभी होती. काही बोलली नाही. सात वाजताच झोपली. लग्न होऊन आल्यापासून ती सातला झोपलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी खिचडी मी टाकली.

तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. एकच गोष्ट तिनं आपणहून सांगितली. वर्षभर जो तो येऊन म्हणायचा, "तात्या, नशीबवान आहात, सून चांगली मिळाली." तिला कुणी विचारलं नाही, तुझी कंबर कशी आहे. त्या मुलीनं विचारलं.

म्हणून तुमच्या घरी फोन आला तर पहिलं स्वतःला विचारा, हातानं कुणी केलं? ज्यानं केलं त्याला बोलू द्या, एकट्याला, आणि तुम्ही तेवढा वेळ बाहेर जा. आतल्या खोलीत टीव्ही लावून बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

काय सांगायचं

आता मुद्द्याचं. आपली माणसं अशा वेळी दोनच गोष्टी सांगतात. एक तर आभार, नाहीतर संताप. दोन्हींचा अभ्यासाला उपयोग थोडा. उपयोग असतो तो किती वाजले होते, कुणाला फोन केला, कोण आलं, काय दिलं, त्यानंतर काय झालं याचा.

तारखा आठवत नाहीत ही सबब मीही सांगितली होती. मग भिंतीवरचं जुनं कालनिर्णय काढलं. टॅपिंगच्या दिवशी मी चौकोनात बारीक 'टॅ' लिहायचो, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. 'दूध २, टॅ.' 'दूध १.' शेवटी शेवटी दूध एकावर आलं होतं. त्या पानांवरून सगळा महिना उभा राहिला. कालनिर्णय नसेल तर फोनमधले कॉल, मेडिकलची बिलं, व्हॉट्सॲपवरचे निरोप बघा. एक अर्धा तास आधी बसून बघितलं तरी पुरतं.

'किती दुखत होतं, शून्य ते दहा सांगा' असं विचारलं तर आकडा देऊ नका. दवाखान्यात किती वेळ थांबलो, औषध मिळालं का, कोण नीट बोललं, हे घरचे बरोबर सांगतात. पण दुखणं आणि मनातली भीती यांबद्दल पेशंट एक सांगतो आणि घरचे दुसरं, हे असे अभ्यास करणाऱ्यांना पूर्वीच आढळलंय. तेव्हा दिसलं तेच सांगा. मी सांगितलं, कुशीवर वळवताना ती पलंगाची दांडी धरायची आणि नखं पांढरी पडायची. तेवढंच मला माहीत आहे.

पैशाबद्दल, देवाबद्दल, नातेवाइकांबद्दल विचारलं तर भोचकपणा समजू नका. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स बाईंनी मरणाच्या वाटेवरच्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, त्यांनी सांगून ठेवलंय की दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं, माणसांचं आणि श्रद्धेचंही त्यात मिसळलेलं असतं. मंगलला शेवटी सगळ्यात जास्त खुपत होतं ते सिन्नरच्या बहिणीशी सात वर्षं तुटलेलं बोलणं. ते औषधाच्या फाइलीत कुठं येणार?

आणि माणूस वेगळा, व्यवस्था वेगळी. मी चौदा वेळा पाच का म्हणालो? कारण ज्या सिस्टरांनी माझ्या बायकोची जखम स्वतःच्या हातानं पुसली त्यांना तीन गुण देऊ कसा? जीभ रेटत नव्हती. पण प्रश्न सिस्टरांचा नव्हताच. प्रश्न होता, 'गरज पडली तेव्हा संपर्क झाला का.' एका रात्री दोन वाजता मंगलचा श्वास बदलला. घरघर लागली. फाइलवर लिहिलेल्या नंबरवर मी सहा वेळा फोन केला, बंद. शेवटी १०८ बोलावली. आलेली पोरं चांगली होती, पण त्यांचा एकच प्रश्न, "न्यायचं का?" आणि मंगलनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, मला इथनं हलवू नका. मी दारात उभा राहून दोन माणसांना परत पाठवलं आणि सकाळपर्यंत मला वाटत राहिलं की मी तिला मारतोय. ती त्यानंतर चार दिवस होती. घरघर म्हणजे काय, ती आली की काय करायचं, हे मला आदल्या आठवड्यात पाच मिनिटं कुणी सांगितलं असतं तर ती रात्र वेगळी गेली असती. सिस्टरना पाच. रात्रीच्या फोनला शून्य. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगायचं.

जे सांगायचं नव्हतं ते

मंगलला मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, दर चार तासांनी. रात्री दहाला मात्र दोन एकदम द्यायच्या, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही आणि पेशंटला सलग झोप लागते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, सिस्टरनी समजावलं होतं. आणि शेजारच्या एका शहाण्यानं सांगितलं होतं, "तात्या, ती अफूच की. दोन दिल्या तर सकाळी उठायच्या नाहीत वहिनी."

मी रात्री एकच द्यायचो.

तीन वाजता ती कण्हायला लागायची. मला वाटायचं आजार वाढला. सकाळी सिस्टरना सांगायचो, रात्री फार दुखलं. त्या विचारायच्या, रात्री दोन दिल्या होत्या ना? मी म्हणायचो, हो.

या गोळ्या साध्या मेडिकलात मिळत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन इतकं बांधून टाकलं होतं की दुखणाऱ्यालाही ते मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलला, तेव्हा मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. तरी एकेका गोळीची नोंद असते आणि उरलेल्या परत द्याव्या लागतात. मंगल गेल्यावर मी त्या परत दिल्या. सिस्टरनी मोजल्या, वहीत बघितलं, पुन्हा मोजल्या. असायला हव्या होत्या त्यापेक्षा अकरा जास्त होत्या. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही घेतली. आमच्या प्रेसमध्ये हिशेब लागेपर्यंत कुणाची सुटका नसायची. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला सात महिने वाटत होतं.

'औषधं सांगितल्याप्रमाणे दिली का?' पहिल्या फोनला मी काय म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या वेळी मुलीनं असं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "रात्रीची गोळी देताना तुम्हाला काय वाटायचं?" मी बराच वेळ पंख्याकडे बघत होतो. मग सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं. तिनं 'अरेरे' केलं नाही, 'असं करायचं नसतं' म्हणाली नाही. तिनं विचारलं, गोळीबद्दल तुम्हाला कुणी कुणी काय काय सांगितलं होतं? आणि लिहून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले, सिस्टर काय, शेजारी काय, मेडिकलवाला काय. नंतर मी विचारल्यावर एवढंच म्हणाली की दुखण्याच्या मानानं बरोबर मात्रेत दिलेली ही गोळी माणसाला लवकर नेत नाही. बद्धकोष्ठ होतं, सुरुवातीला गुंगी येते. आणि ही भीती घरोघर असते.

मग मला कळलं की तिला माझ्याकडून हेच हवं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कागदावर असतंच. रात्री दहाला अंधारात पाकीट फोडताना माणूस काय करतो हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं. तुमच्याकडे असं काही असेल तर, जमलं तर, ते सांगा. नाही जमलं तर नका सांगू, पण निदान त्याच्या जागी 'पाच' म्हणू नका. 'हा प्रश्न सोडा' म्हणा. तेही चालतं.

वैशालीला मी त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तात्या. सकाळी पाकीट मीच उचलत होते."

दिवस आणि रडू

दिवस निवडताना तिथी बघा, म्हणजे महिन्याची तिथी, पितृपंधरवडा, पहिली दिवाळी आणि गेलेल्या माणसाचा वाढदिवस टाळा. त्यानंतर सांगा की दीड तास, फार तर दोन. मुलाखतीनंतर संध्याकाळी कुठं जायचं ठेवू नका, कुणाला जेवायला बोलावू नका. घरीच हवी की बाहेर, तुम्ही ठरवा. ज्या खोलीत माणूस गेलं तिथं बसून बोलणं मला बरं वाटलं, वैशालीला अजिबात नको होतं, ती गच्चीवरच्या खोलीत बसली.

रडू येईल. त्याला कुणाची हरकत नाही, आणि रडलात म्हणजे अभ्यासानं तुमचं वाईट केलं असंही नाही. अशा मुलाखती दिलेल्या घरच्यांना विचारून पाहिलेलं आहे, बहुतेकांना बोलल्याचा पश्चात्ताप होत नाही, उलट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं याचं बरं वाटतं. काहींना मात्र चार-आठ दिवस जड जातात. मला तीन दिवस झोप नव्हती. तसं लांबलं तर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत.

विद्यार्थी वाचत असतील तर

थोडक्यात सांगतो. सुतकात फोन करू नका. चहा दिला तर घ्या, निदान अर्धा कप. गेलेल्या माणसाला 'पेशंट' म्हणू नका, नाव विचारा आणि नावानं बोला. ती मुलगी 'मंगलकाकू' म्हणाली तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो. घड्याळाकडे बघायचं असेल तर रेकॉर्डरवर वेळ दिसतो, तिथं बघा. घरात दाराच्या चौकटीत कोण उभं आहे ते बघा. 'मृत्यूची प्रक्रिया' वगैरे म्हणू नका, आम्ही 'गेली' म्हणतो. आणि घरचे तुम्हाला जीव लावतील, काळजी घे बाई म्हणतील, डबा देतील, या भीतीनं कोरडे राहू नका. 'ह्या लोकांना आत्ता विचारणं बरं नाही' असं म्हणून तुमचे वरिष्ठ आमच्या वतीनं परस्पर 'नाही' म्हणून टाकतात असंही ऐकलंय. नाही म्हणायचं काम आमचं आहे, आम्हाला येतं ते.

निकालाचं

सगळ्यात शेवटी एक गोष्ट मागा, जी कुणी मागत नाही. अभ्यासातून काय निघालं ते. प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात जातो, इंग्रजीत. मी त्या मुलीकडून माझ्या प्रतीवर पेनानं लिहून घेतलंय, दोन पानं, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वैशालीच्या नावानं वेगळी प्रत. ती म्हणाली मार्चपर्यंत देते. यंदाच्या कालनिर्णयात मार्चच्या पानावर तिचा नंबर लिहून ठेवलाय, शेवटच्या आठवड्याच्या चौकोनात, 'दूध १' च्या शेजारी. तोवर आला नाही तर मी फोन करीन, आणि आधी विचारीन, ताई, आत्ता बोलणं सोयीचं आहे का.